सकाळी चढ, दुपारी वारा: ग्रीक बेटांवर सायकल आणि बोटीची सुट्टी

मागच्या अंकात परदेशातल्या सायकलवाटांबद्दल बोलताना मी शेवटी एका ओळीत ग्रीसच्या 'सायकल आणि बोट' ट्रिपचा उल्लेख केला होता, तर त्या एका ओळीवरच एवढे प्रश्न आलेत की बाकीचा लेख कुणी वाचला की नाही अशीच शंका यायला लागलीय. असो. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही जरा छाटलेत, आणि ज्यांनी नुसतंच 'ताई सगळं सविस्तर सांगा' असं लिहिलंय त्यांनी कृपया खालचं सगळं वाचावं.

प्रश्न: हे नेमकं असतं काय? बोट आपणच चालवायची का? मला पोहता येतं, सायकल येते, पण शिडाबिडाचं काही म्हणजे काही कळत नाही. आणि खर्च किती?

नाही हो, बोटीवर कॅप्टन असतो, त्याची माणसं असतात, स्वयंपाकी असतो, तुम्ही फक्त सायकल चालवायची. बहुतेक ठिकाणी बोट म्हणजे लाकडी मोटरसेलर, वर डोलकाठ्या आणि शिडं, पोटात दणकट इंजिन, आठ-दहा केबिन, पंधरा-वीस माणसं आणि सायकली डेकवर कठड्याला बांधून ठेवलेल्या. शनिवारी चढायचं, पुढच्या शनिवारी उतरायचं. सकाळी नाश्ता झाला की सायकल घेऊन बेटावर उतरायचं, तीस-चाळीस किलोमीटर फिरायचं, तोवर बोट कधी तिथेच थांबते तर कधी बेटाला वळसा घालून पलीकडच्या बंदरात जाऊन उभी राहते, तुम्ही तिथे पोचायचं, जेवायचं, मग पुढच्या बेटाकडे निघायचं, वाटेत एखाद्या खाडीत नांगर टाकून पोहायला उड्या मारू देतात, आणि रात्र नव्या बंदरात. रोज बंदर बदलतं पण बॅग एकदाच उघडायची, हे सुख ज्यांनी रोज सकाळी बॅगा भरल्यात त्यांनाच कळेल.

आता जाहिरातीत काय दाखवतात ते सोडा. फोटोत शिडं टम्म फुगलेली असतात, प्रत्यक्षात बराचसा प्रवास इंजिनवरच होतो कारण बोटीला ठरलेल्या वेळी ठरलेल्या बंदरात पोचायचं असतं आणि वारा काही वेळापत्रक बघून वाहत नाही. शिडं उघडली आणि इंजिन बंद केलं की मजा येतेच, पण त्यासाठीच जाणार असाल तर आधी विचारून घ्या, शिडावर किती जाता ते. नीट उत्तर देणारा आयोजक भेटला की अर्धं काम झालं समजा.

खर्चाचं म्हणाल तर एका आठवड्याला माणशी दीड ते दोन हजार युरो धरून चाला, कमीत बसलं तर आनंदच. विमान त्यात नाही. सायकलचं भाडं, काही रात्रीची जेवणं, बंदराची फी, देवळांची-म्युझियमची तिकिटं आणि शेवटी क्रूसाठी टिप हे बऱ्याचदा वेगळं असतं, त्यामुळे 'यात काय नाही' ही यादी आधी मागायची आणि मगच पैसे भरायचे.

प्रश्न: लेकीला सांतोरिनी आणि मिकोनोस दोन्ही हवंय. सायकल-बोट ट्रिपमध्ये ही दोन्ही कव्हर होतील अशी एखादी सुचवा ना.

सुचवणार नाही. लेकीला राग आला तरी चालेल. सांतोरिनी बघायला सुंदर आहे यात वाद नाही, पण सायकल आणि बोट या दोन्हींसाठी ते बेट अडचणीचंच आहे. ज्वालामुखीचा स्फोट होऊन मधला भाग खचला, तिथे समुद्र शिरला, आणि भोवती उरलेल्या उभ्या कड्याच्या काठावर ती पांढरी गावं बसलीत. म्हणजे त्या प्रसिद्ध कड्याखालचं पाणी जवळपास चारशे मीटरपर्यंत खोल, तिथे छोट्या बोटीला नांगर टाकायला तळच हाताला लागत नाही. फेरीबोटी लागतात त्या अथिनिओस बंदरातून वर येणारा रस्ता म्हणजे वळणांवर वळणं, आणि त्यावर बस, ट्रक, भाड्याच्या गाड्या. त्यात क्रूझची गर्दी एवढी की 2025 पासून दिवसाला 8,000 क्रूझ प्रवाशांची मर्यादा घालावी लागली. सायकल घेऊन तिथे काय करणार? ही दोन बेटं हवीच असतील तर बोटीची ट्रिप संपल्यावर फेरीने जा, दोन रात्री राहा, लेकीचे फोटो होऊन जातील.

आता खरा प्रश्न, मग कुठे जायचं. ग्रीसची बेटं म्हणजे एकच एक गठ्ठा नाही, वेगवेगळे समूह आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

पहिल्यांदाच जाणार असाल, घरात कुणी बोटीला घाबरणारं असेल, तर माझं मत सरळ सारोनिक आखाताला. अथेन्सच्या अगदी जवळ, पाणी त्यातल्या त्यात शांत, बेटं जवळजवळ. एजिना बेटावर पिस्त्याच्या बागांमधून सायकल चालवत अफाइयाच्या देवळापर्यंत जायचं, ख्रिस्तपूर्व 500 च्या आसपासचं देऊळ, पाइनच्या झाडांत टेकडीवर उभं आहे आणि वर पोचेपर्यंत मांड्या भरून येतात. पोरोस आणि समोरची मुख्य भूमी यांच्यामधली सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम दोनशे मीटर, बोट त्यातून जाते तेव्हा घरांच्या गॅलऱ्या अगदी शेजारून सरकतात. स्पेत्सेसवर खासगी गाड्यांना बरीच बंदी असल्यामुळे बेटाभोवतीचा पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता सायकलवाल्यांना जणू आंदणच दिलाय. हायड्रावर मात्र गाड्या नाहीत तशा सायकलीही चालत नाहीत, तिथे पायी फिरायचं किंवा गाढवं-खेचरं बघत बसायचं, सायकली बोटीवरच राहतात. आणि बऱ्याच ट्रिपा मुख्य भूमीच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या किनाऱ्याला लागतात, तिथे एपिडॉरसचं ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातलं नाट्यगृह आहे, बारा-चौदा हजार माणसं बसतील एवढं, आणि उन्हाळ्यात अजूनही तिथे नाटकं होतात. तिथलंच नाफ्प्लिओ शहर म्हणजे आधुनिक ग्रीसची 1834 पर्यंतची राजधानी, वर पालामिदी किल्ला, पायऱ्या 999 आहेत असं लोक सांगतात. मोजायच्या भानगडीत पडू नका, सायकल चालवलेल्या दिवशी तर नकोच.

दुसरा माझा आवडता समूह म्हणजे डोडेकनीज, तुर्कस्तानच्या किनाऱ्याला लागून. कोसपासून सुरू होतात बऱ्याच ट्रिपा आणि ते बरंच आहे, कारण कोसचा उत्तर किनारा सपाट आहे, सायकलचे वेगळे ट्रॅक आहेत, पहिल्या दिवशी सायकलशी ओळख करून घ्यायला एवढी सोयीची जागा दुसरी नाही. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटीसचं बेट हे, शहराबाहेर चारेक किलोमीटरवर अस्क्लेपिऑनचे अवशेष आहेत, प्राचीन काळचं दवाखाना-कम-देऊळ म्हणा. मग कालिम्नोस, पूर्वी समुद्रात बुडी मारून स्पंज काढणाऱ्यांचं आणि आता कडे चढणाऱ्यांचं. लेरोसवर लाक्की नावाचं बंदर बघाल तर वाटेल ग्रीसमध्ये हे कुठून आलं, सरळ रुंद रस्ते, गोलाकार कोपऱ्यांच्या इमारती. ही बेटं 1912 पासून इटलीच्या ताब्यात होती, 1947 मध्ये ग्रीसला मिळाली, हे गाव त्या इटालियन काळात वसवलेलं. निसिरोस हा जिवंत ज्वालामुखी, साधारण तीनशे मीटर रुंद विवरात चालत उतरता येतं, पायाखाली जमीन गरम आणि गंधकाचा असा वास की कपड्यांना संध्याकाळपर्यंत येतो. आणि पात्मोस, वर 1088 साली स्थापन झालेला सेंट जॉनचा मठ, 1999 पासून जागतिक वारसा यादीत. सायकलच्या शॉर्ट्सवर मठात सोडत नाहीत, पातळ पँट आणि ओढणी सोबत ठेवा.

आयोनियन बेटं, म्हणजे लेफकाडा, इथाका, केफालोनिया, ही पश्चिमेला, हिरवीगार, ऑलिव्ह आणि सायप्रसची झाडं, वारा सौम्य, पण डोंगर! केफालोनियाचा आयनोस 1,628 मीटर उंच आहे, आणि रस्ते त्या डोंगरांच्या अंगाखांद्यावरूनच जातात.

सायक्लॅडीज, म्हणजे पारोस, नाक्सोस, सिरोस वगैरे, फोटोतली पांढरी-निळी बेटं, यांच्याबद्दल पुढच्या उत्तरात, कारण तिथे वाऱ्याचा विषय येतो.

प्रश्न: जुलै-ऑगस्टमध्ये ऑफिसची सुट्टी मिळतेय, सगळे युरोपवाले तेव्हाच जातात, मग चांगलंच असेल ना?

सगळे जातात म्हणून चांगलं असं असतं तर काय हवं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानच्या मधल्या एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. बाल्कनवर हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानच्या बाजूला कमी, त्या फरकामुळे उत्तरेकडून कोरडा वारा सुटतो आणि एकदा सुरू झाला की दिवसचे दिवस थांबत नाही. गंमत म्हणजे आभाळ निळंशार, ढगाचा पत्ता नाही, आणि समुद्र मात्र पांढऱ्या फेसाने भरलेला, त्यामुळे नवख्या माणसाला कळतच नाही की कॅप्टन बंदरातून का हलत नाहीये. वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट स्केलवर 6 म्हणजे ताशी चाळीस ते पन्नास किलोमीटरचा वारा, मेल्तेमीत हे नेहमीचं, 7 आणि 8 सुद्धा होतं. फार वाढला की बंदर अधिकारी जहाजांना निघायलाच मनाई करतात, मोठ्या फेऱ्याही अडकतात. सायक्लॅडीज याच्या अगदी तोंडावर आहेत. आणि सायकलवरही तोच वारा, समोरून असेल तर सपाट रस्ता चढासारखा, बाजूने असेल तर वळणावर सायकल ढकलली जाते. त्यात ऊन. 2023, 2024 च्या उन्हाळ्यात उष्णतेमुळे अथेन्सचं अक्रोपोलिस दुपारी बंद ठेवावं लागलं होतं, आणि जुलै 2023 मध्ये वणव्यामुळे रोड्स बेटावरून हजारो पर्यटकांना हलवावं लागलं.

त्यामुळे मे, जूनचा पहिला पंधरवडा, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. मेमध्ये डोंगर हिरवे, रानफुलं, पण समुद्र गार, अठरा-एकोणीस डिग्री, उडी मारली की किंकाळी. सप्टेंबरमध्ये डोंगर वाळून पिवळे पण पाणी उन्हाळाभर तापलेलं. मला विचाराल तर सायकल मुख्य असेल तर मे, पोहणं मुख्य असेल तर सप्टेंबर. आणि ज्यांना जुलै-ऑगस्टशिवाय सुट्टीच नाही त्यांनी आयोनियन बेटं घ्यावीत, तिथे मेल्तेमी तसा पोचत नाही, दुपारनंतर वायव्येकडून माइस्त्रो सुटतो, संध्याकाळी पडतो, शिडवाल्यांचा लाडका वारा. किंवा सारोनिक. सकाळी सातला सायकलवर, अकराला बोटीवर परत, असं ठेवलं तरच.

वारा कुठल्याही महिन्यात कार्यक्रम बदलू शकतो हे मात्र धरूनच चाला. आज लिप्सी बेटावर जाऊ म्हणाले आणि लेरोसलाच दोन रात्री काढल्या असं होतं. कॅप्टनशी वाद घालायचा नाही. परतीचं विमान बोट सोडल्याच्या दुसऱ्या दिवशीचं घ्या, मधली रात्र अथेन्समध्ये.

प्रश्न: माझं वय ६१, रोज सकाळी सपाट रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर सायकल होते. डावा गुडघा अधूनमधून बोलतो. जमेल का? आणि माझी स्वतःची इ-बाइक आहे, ती विमानाने नेता येईल का?

काका, जमेल, पण इ-बाइकवर. आणि तिथली भाड्याची घ्यायची, स्वतःची नाही, कारण प्रवासी विमानात 160 वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी चालतच नाही, हातातल्या बॅगेत नाही आणि खालच्या सामानातही नाही. इ-बाइकची बॅटरी सहसा चारशे-पाचशेची असते. बॅटरीशिवाय नेऊन काय करणार.

आता चढाचं समजून घ्या म्हणजे अंतराच्या आकड्यावर फसणार नाही. माहितीपत्रकात लिहितात '28 किलोमीटर', वाचून वाटतं हे तर माझं रोजचंच. पण बोट बंदरात, म्हणजे तुमची प्रत्येक सकाळ समुद्रसपाटीला सुरू होते, शून्य मीटर. आणि बेटाचं जुनं मुख्य गाव, ज्याला तिकडे होरा म्हणतात, ते बरेचदा वर डोंगरात, कारण शतकानुशतकं चाच्यांची भीती होती, समुद्रावरून दिसू नये किंवा निदान कुणी येताना वरून आधी दिसावं म्हणून लोक वर राहिले. म्हणजे नाश्ता पोटात आणि लगेच दोन-तीनशे मीटरचा चढ, हे जवळपास रोज. म्हणून किलोमीटर विचारू नका, रोजची एकूण चढाई किती मीटर ते विचारा. चारशेपर्यंत असेल तर इ-बाइकवर आरामात, साध्या सायकलवर घाम काढून, आठशेच्या पुढे असेल तर तरुणांना जाऊ द्या.

युरोपातली इ-बाइक ताशी 25 किलोमीटरपर्यंतच मदत करते आणि तुम्ही पेडल मारलं तरच, त्यामुळे आधी महिना-दोन महिने एखाद्या चढावर सराव कराच. गुडघ्यासाठी सीटची उंची पहिल्या दिवशी गाइडकडून नीट लावून घ्या, आणि डॉक्टरांना दाखवून जा हे मी सांगायला नकोच. उतारावर मात्र जपून, चढापेक्षा माझी भीती उताराची असते. रस्त्यावर बारीक खडी, वळणामागे शेळ्या, गावातल्या गल्ल्यांत गुळगुळीत झालेला संगमरवर, आणि भाड्याच्या क्वाड बाइकवर उघडेबंब पर्यटक. वाहतूक उजवीकडून! थकल्यावर, कॉफी पिऊन परत सायकलवर बसताना माणूस सवयीने डावीकडे जातो, तेव्हाच गडबड होते.

प्रश्न: बोट लागते हो मला. फेरीत बसले तरी उलट्या. मी घरीच बसू का?

घरी कशाला, सारोनिकला जा, तिथे एकावेळी समुद्रावर दोन-तीन तासांच्या वर क्वचितच असता आणि बोट बहुतेक किनाऱ्याच्या आडोशाने जाते. डोळ्यांना केबिन स्थिर दिसते आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की सगळं हलतंय, या दोघांच्या भांडणातून ते मळमळणं होतं, म्हणून बोट चालू असताना केबिनमध्ये झोपायला जाऊ नका, मोबाइल बघू नका, डेकवर मधोमध बसा आणि क्षितिजाकडे बघा. गोळी घ्यायची तर निघायच्या आधी, उलटी सुरू झाल्यावर तिचा काही उपयोग नाही, कुठली ते डॉक्टरांना विचारा कारण काहींनी झोप येते आणि झोपेत सायकल चालवायची नाही. रिकाम्या पोटी बसू नका. आणि जाताना औषधांची चिठ्ठी सोबत ठेवा, कोडीन असलेल्या गोळ्या-सिरपबद्दल ग्रीसमध्ये नियम कडक आहेत.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आठवडाभर ब्रेड-बटरवर काढावा लागेल का? थेपले किती न्यायचे?

थेपले न्या, पण ते विमानतळासाठी. ग्रीक घरगुती जेवणात शाकाहारी इतकं आहे की लोकांना माहीतच नसतं, कारण ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासाचे दिवस वर्षात खूप, आणि त्या दिवसांत मांस, दूध, अंडी काही नाही. त्यामुळे कडधान्यं आणि भाज्यांचा खजिना तयार झालाय. वालासारख्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची टोमॅटोत भाजलेली उसळ म्हणजे यिगांदेस, भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची म्हणजे येमिस्ता, वांगी-बटाटा-झुकिनी ऑलिव्ह तेलात भाजलेलं ब्रिआम, पिवळ्या डाळीची घोटलेली फावा, सिफनोस बेटाचे मातीच्या भांड्यात रात्रभर भट्टीत शिजवलेले छोले. पालक-चीजची 'पाय' (भाजलेली पेस्ट्री) तर प्रत्येक बेकरीत, फक्त तिच्यात बरेचदा अंडं असतं म्हणून विचारायचं.

दोन ठिकाणी सावध राहा. उपासाचं जेवण, ज्याला ते निस्तीसिमो म्हणतात, त्यात कोळंबी, ऑक्टोपस, माखली चालतात, म्हणजे 'उपासाचं आहे' एवढ्यावर विश्वास ठेवून खाऊ नका. आणि येमिस्ता किंवा द्राक्षाच्या पानातल्या डोल्माद्यांत काही ठिकाणी खिमा भरतात. बोटीवरच्या स्वयंपाक्याला बुकिंग करतानाच लिहून कळवा, 'मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, दूध-चीज चालतं' असं एकेक करून, नुसतं 'व्हेज' लिहिलं तर मासा पुढे येतो. तिखटाची पूड खिशात ठेवा, तिखट काही मिळायचं नाही.

नळाचं पाणी बऱ्याच बेटांवर पिण्याजोगं नसतं, विचारून भरा.

प्रश्न: ताई मी २४, बजेट नाही, ग्रुप टूर परवडत नाही. स्वतःची साधी सायकल घेऊन सरकारी फेरीने फिरता येईल का? तंबू आहे.

येईल की, आणि मला विचारशील तर तुझ्या वयात हेच कर. फेऱ्या खासगी कंपन्यांच्या असतात, सरकारी नाहीत, पण मोठ्या साध्या फेऱ्यांवर सायकल सहसा फुकट जाते, खाली गाड्यांच्या डेकवर कुठल्यातरी पाइपला बांधायची, दोरी किंवा बंजी स्वतःची ठेव, चालक दल 'तिकडे ठेव' म्हणून हात करतं आणि संपलं. वेगवान कॅटामरानवर मात्र जागा कमी, कधी पैसे घेतात कधी घेतच नाहीत सायकल, त्यामुळे हळू फेरी घे, स्वस्तही पडते.

अथेन्स विमानतळावरून मेट्रोची तिसरी लाइन ऑक्टोबर 2022 पासून थेट पिरेअस बंदरापर्यंत जाते. पॅक केलेली सायकल घेऊन गर्दीच्या वेळी घुसू नकोस. पिरेअसहून पारोस साध्या फेरीने चार-साडेचार तास, तिथून नाक्सोस जवळच. नाक्सोसला जास्त दिवस दे, सायक्लॅडीजमधलं सगळ्यात मोठं बेट, मधे झास डोंगर हजार मीटरचा, आतली हालकी, अपिरान्थोससारखी गावं, बटाटे आणि चीज तिथलंच, स्वस्त खाणं. नाक्सोसहून एक्सप्रेस स्कोपेलितिस नावाची छोटी बोट इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसी, दोनूसा अशा चिमुकल्या बेटांना लागत आमोर्गोसला जाते, वारा असेल तेव्हा ती अशी डोलते की वरचं बोट लागण्याचं उत्तर पुन्हा वाचून ठेव. कूफोनिसी जवळपास सपाट, पाय मोकळे करायला झकास.

तंबूचं मात्र, मोकळ्या जागेत किंवा बीचवर लावायला कायद्याने बंदी आहे आणि दंड होतो, अधिकृत कँपसाइट बेटांवर असतात, तिथेच लाव. पंक्चरचं सामान, चेनचं तेल, एक जास्तीचा टायर सोबत, लहान बेटांवर सायकलचं दुकान नसतं. दुपारी तीन ते साडेपाच गाव झोपतं, दुकानं बंद, आवाज करायचा नाही, पाणी आणि खाणं त्याआधी भरून घे. मदत लागली तर 112.

प्रश्न: आम्ही चौघे मित्र, आम्हीच शिडाची बोट भाड्याने घेऊन दोन फोल्डिंग सायकली टाकल्या तर? यूट्यूबवर बरंच बघितलंय.

यूट्यूबचं सर्टिफिकेट ग्रीसमध्ये चालत नाही. कॅप्टनशिवाय बोट घ्यायची तर एकाकडे मान्यताप्राप्त सेलिंग परवाना हवा आणि दुसरा अनुभवी माणूस सोबत हवा, बंदरात कागद बघतात. तिकडच्या बंदरात बोट मागे घेत, पुढून नांगर टाकत, दोन महागड्या बोटींच्या मधे लावायची असते आणि अख्खा धक्का कॉफी पीत तुमच्याकडे बघत असतो. स्किपर, म्हणजे बोट चालवणारा कॅप्टन, भाड्याने घ्या, त्याला एक केबिन द्यावी लागते, जेवणही तुमच्याकडे. चौघांत तेवढं परवडेल.

प्रश्न: मी एकटी जाणार. अनोळखी बाईबरोबर केबिन शेअर करावी लागते का? केबिन केवढी असते? (नाव छापू नका, सासरी मासिक येतं.)

नाव नाही छापलं. अर्ध्या केबिनचं बुकिंग बरेच आयोजक घेतात, बाईबरोबर बाईच देतात, नाहीतर एकटीने पूर्ण केबिनचे जास्तीचे पैसे. केबिन रेल्वेच्या फर्स्ट क्लासच्या कुप्याएवढी धरा, दोन बर्थ, एक खिडकी आणि शेजारी टॉयलेट-शॉवर एकातच. म्हणून कडक सूटकेस नको, ती ठेवायला जागाच नसते, मऊ बॅग जी रिकामी झाल्यावर घडी होते. डेकवर बूट चालत नाहीत, अनवाणी किंवा वेगळ्या चपला. गोडं पाणी टाकीतलं, मोजकं, केस धुवायचे तर सगळ्यांनी एकाच संध्याकाळी धुवायचे नाहीत. आणि टॉयलेट पेपर टॉयलेटमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात, बोटीवर तर नाहीच पण ग्रीसमध्ये बहुतेक सगळीकडेच नाही, पाइप अरुंद असतात. बोटीवर तुंबलं तर कुणामुळे तुंबलं हे वीस माणसांत लपत नाही.

प्रश्न: कोसला जातोच आहोत तर समोर तुर्कस्तानचं बोद्रुम दिसतं म्हणतात, एक दिवस जाऊन यावं का?

फेरी आहे, जवळही आहे, पण तुमच्या पासपोर्टवर सिंगल एंट्री शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीचा एकच व्हिसा, पण आत फक्त एकदाच जाता येतं असा) असेल तर कोस सोडलं त्या क्षणी तो व्हिसा संपला, संध्याकाळी परत घेणार नाहीत आणि तुमची बोट, बॅग, सायकल सगळं पलीकडे. मल्टिपल एंट्री असेल आणि तुर्कस्तानचा व्हिसाही असेल तरच. शेंगेनसाठी किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतोच, तो घेताना सायकलिंग आणि बोट दोन्ही त्यात धरलंय का ते वाचून घ्या, कारण स्वस्त पॉलिसीत नेमकं तेच वगळलेलं असतं.

प्रश्न: नवऱ्याला सायकल अजिबात आवडत नाही पण ग्रीस बघायचंय. त्याला घेऊन जाऊ की मैत्रिणीला?

नवऱ्याला न्या. सायकल न चालवणाऱ्यालाही बोटीवर घेतात, थोडं भाडं कमीही होतं. तो सकाळी डेकवर आडवा होईल, कॅप्टनशी इंजिनबद्दल बोलेल, बोट पुढच्या बंदराकडे जाताना त्याला किनाऱ्याचा जो देखावा मिळतो तो सायकलवाल्यांना मिळतच नाही. तुम्ही दुपारी घामाघूम होऊन बोटीवर याल तेव्हा तो पोहून, आंघोळ करून, गार कॉफी घेऊन बसलेला असेल आणि विचारेल, 'दमलीस?' तेव्हा भांडायचं नाही एवढं आधीच ठरवून जा. आणि मैत्रिणीला सप्टेंबरमध्ये वेगळं न्या.